माशी की लाल ठिपका? पिस्तुलावरच्या रेड डॉटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी म्हापशाजवळच्या आमच्या छोट्या रेंजवर चहाच्या वेळी कोणीतरी मोबाइल पुढे करतंच. "सर, हा व्हिडिओ बघा. पिस्तूल उचललं, लाल ठिपका आला, गोळी तिथेच. आपण अजून माशी आणि खाच घेऊन काय बसलोय?" (माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा, खाच त्याच्या मागची; दोन्ही मिळून ओपन साइट.) विचारणाऱ्यांत दहावीतली मुलं असतात, बँकेतून निवृत्त झालेले काका असतात, आणि परवान्याचं पिस्तूल वर्षानुवर्षं कपाटात ठेवणारे फोंड्याकडचे एक बागायतदारही असतात. प्रत्येकाला तेच ते सांगून घसा बसला, म्हणून लिहून काढलं. मी नेमबाजी शिकवतो. विकत काहीच नाही, तेव्हा अमुक घ्या असं सांगण्यात माझा काही फायदा नाही.

रेड डॉट म्हणजे लेझरच ना?

नाही. लेझर प्रकाशाचा झोत पुढे फेकतो, त्याचा ठिपका टार्गेटवर पडतो आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही दिसतो. रेड डॉट टार्गेटवर काहीच टाकत नाही. त्यात एक बारीक एलईडी असतो. त्याचा प्रकाश पुढच्या किंचित वक्र काचेवर आपटून तुमच्याच डोळ्याकडे परत येतो. काचेवरचा लेप तेवढाच लाल रंग परतवतो, बाकीचा उजेड आरपार जाऊ देतो. म्हणजे ठिपका फक्त तुम्हाला दिसतो, आणि तोही डोळा काचेच्या मागे असेल तरच.

संध्याकाळी पणजीहून कदंबच्या बसने निघालात आणि आतला दिवा लागला, की खिडकीच्या काचेत तो दिवा बाहेर मांडवीवर तरंगताना दिसतो. हा प्रकार तोच. फरक इतकाच, की इथे काच वक्र असल्याने ठिपका काचेजवळ नाही तर खूप लांब, टार्गेटच्याही पलीकडे असल्यासारखा दिसतो. हे नीट लक्षात ठेवा, खाली पुन्हा लागणार आहे.

कल्पना नवी नाही. डब्लिनमध्ये दुर्बिणी बनवणाऱ्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्येच अशी साइट मांडली होती. पुढे ती लढाऊ विमानांत गेली. बॅटरीवर चालणारा, बंदुकीवर बसणारा रेड डॉट स्वीडनच्या एमपॉइंटने १९७० च्या दशकात बाजारात आणला, आणि पिस्तुलाच्या स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, मावेल इतका लहान व्हायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली.

ओपन साइटमध्ये एवढं अवघड काय आहे? तीन गोष्टी तर एका रेषेत आणायच्या.

सत्तरी तालुक्यात आमच्या आजोबांची परवान्याची ठासणीची बंदूक होती. नळीच्या टोकाला नुसता पितळेचा मणी. तीच माशी. रानडुकरं शेतात उतरली की आजोबा बार हवेत काढायचे आणि डुकरं आवाजानेच पळायची, त्यामुळे त्या माशीची परीक्षा कधी झालीच नाही. पिस्तुलाची गोष्ट वेगळी. पुढे माशी, मागे खाच. माशी खाचेच्या बरोबर मध्ये हवी, दोन्ही बाजूंना उजेडाची फट सारखी हवी, वरच्या कडा एका पातळीत हव्यात.

खाच हातभर अंतरावर, माशी त्याच्या थोडी पुढे, टार्गेट दहा किंवा पंचवीस मीटरवर. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघू शकतो. मग स्पष्ट काय बघायचं? माशी. टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. किंबहुना धूसरच दिसायला हवं. नवशिक्याला हे सहा-सहा महिने पटत नाही. ज्याला मारायचंय त्याच्याकडे बघू नको म्हणजे काय, असं त्याला वाटतं.

पटत नसेल तर हिशेब करा. एअर पिस्तुलावर माशी आणि खाच यांच्यात साधारण ३२० मिलिमीटर अंतर धरू. माशी खाचेत फक्त १ मिलिमीटर बाजूला सरकली, तर दहा मीटरवर पेलेट, म्हणजे हवेच्या दाबाने सुटणारा छर्रा, ३१ मिलिमीटर बाजूला जाईल. दहाची रिंग ११.५ मिलिमीटर व्यासाची आहे, पुढची प्रत्येक रिंग ८ मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे तुम्हाला सात मिळाले. पण माशी आणि खाच नीट जुळलेल्या असताना अख्खा हातच १ मिलिमीटर बाजूला गेला, तर पेलेटही १ मिलिमीटरच बाजूला जाईल आणि दहा शाबूत राहतील. थोडक्यात, हात हलला तर फारसं बिघडत नाही, मनगट वाकलं तर बिघडतं. छोट्या पिस्तुलावर हे आणखी महाग पडतं. साइटमधलं अंतर १६० मिलिमीटर असेल तर त्याच एका मिलिमीटरची किंमत पंचवीस मीटरवर पंधरा सेंटिमीटरहून जास्त.

रेड डॉटमध्ये जुळवायला दोन गोष्टी उरतच नाहीत. ठिपका आणि टार्गेट, दोन्ही लांब. डोळा टार्गेटवर ठेवा, ठिपका तिथेच स्पष्ट दिसतो.

चाळशी लागली तेव्हापासून माशी दिसेनाशी झाली. डॉटशिवाय उपाय आहे का?

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी माझी माशी हरवली. पिस्तूल तेच, उजेड तोच, पण माशीच्या कडांना केस फुटल्यासारखे दिसायला लागले. महिनाभर मी पिस्तुलाला दोष दिला, मग रेंजच्या दिव्यांना, आणि शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळचं बघताना वळत नाही. यात कोणाचीच सुटका नाही.

इथे बहुतेक जण चूक करतात ती वाचायचा चष्मा लावून नेम धरण्याची. वाचायचा चष्मा पस्तीस-चाळीस सेंटिमीटरसाठी असतो. पिस्तुलाची माशी त्याच्या दुप्पट अंतरावर, किंवा आणखी पुढे असते. त्यामुळे चष्म्यातूनही ती धूसरच. बायफोकल असेल तर मान मागे टाकून खालच्या भागातून बघावं लागतं आणि अख्खी उभं राहण्याची ढब बिघडते.

डॉक्टरांना सरळ सांगा: मला वर्तमानपत्र वाचायचं नाही, हातातल्या पिस्तुलाच्या टोकावरची पट्टी स्पष्ट बघायची आहे. डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर टेपने मोजून चिठ्ठीवर लिहून न्या. पिस्तूल नेऊ नका, दवाखान्यात गोंधळ उडेल. बहुतेकांना लांबच्या नंबरात अर्धा ते पाऊण डायॉप्टर वाढवून काम होतं, आणि तो नंबर फक्त नेम धरणाऱ्या डोळ्याला लागतो. दुसरा उपाय म्हणजे नेमबाजीच्या चष्म्यावर बसणारी आयरिस, म्हणजे लहान-मोठं करता येणारं भोक. भोक लहान केलं की माशी आणि टार्गेट दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात, फक्त उजेड कमी होतो. स्पर्धेत ही आयरिस चष्म्यावर चालते. पिस्तुलावर कुठलंही भिंग किंवा फिल्टर लावलेलं चालत नाही.

या दोन उपायांनी माझी आणखी बरीच वर्षं निभावली. ज्यांना स्पर्धेत उतरायचं नाही, नुसता आनंदासाठी नेम धरायचा आहे, त्यांनी मात्र खुशाल डॉट लावावा. रेड डॉटचा खरा गिऱ्हाईक व्हिडिओतला तरुण नाही, चाळशीवाला आहे.

मला डॉट गोल दिसत नाही, फुलबाजीसारखा दिसतो. डॉट खराब आहे का?

बहुधा डोळा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने काचेतून फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आला तर डॉट ठीक आहे, तुमच्या डोळ्यात वक्रदोष आहे, ज्याला डॉक्टर अ‍ॅस्टिग्मॅटिझम म्हणतात. उजेडाची पातळी दोन पायऱ्या कमी करून बघा, फुलबाजी बरीच विझते. काहींना हिरवा ठिपका सुसह्य वाटतो. चष्म्याला वक्रदोषाचा नंबर असेल तर तो चष्मा लावूनच बघा. हे दुकानात, पैसे देण्याआधी करायचं.

मुलीला राष्ट्रीय पातळीवर खेळायचं आहे. डॉटने सुरुवात केली तर लवकर शिकेल ना?

नको. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या, पिस्तूल प्रकारांत फक्त ओपन साइट चालते. दुर्बीण, आरसा, लेझर, इलेक्ट्रॉनिक ठिपका, सगळ्याला बंदी. दहा मीटर एअर पिस्तूल असो, पंचवीस मीटर असो, नियम एकच, आणि आपल्याकडच्या स्पर्धाही याच नियमांवर चालतात. गोव्यात २०२३ मध्ये ३७वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाली, त्यानंतर इथल्या पालकांच्या चौकश्या वाढल्या आहेत आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न साहित्याचाच असतो.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, मनू भाकर यांनी २०२४ मध्ये पॅरिसला दहा मीटरमध्ये कांस्य घेतलं. दोघींच्याही पिस्तुलावर माशी आणि खाचच. एअर पिस्तुलात साठ शॉट पंचाहत्तर मिनिटांत मारायचे असतात, ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम, एक हात मोकळा. या सगळ्यात माशी बघायची सवय हीच मुख्य शिदोरी. आणि आणखी एक: यातले बरेच जण माशी काळ्या गोलाच्या मध्यावर धरतच नाहीत, खाली पांढऱ्यात धरतात. काळ्यावर काळी माशी दिसत नाही. पांढऱ्यात तिची कड सुरीसारखी दिसते. डॉटवर शिकलेल्या मुलाला "दहावर नेम धरू नको, खाली धर" हे सांगणं म्हणजे उलट्या दिशेने पोहायला सांगणं.

मग डॉटच्या स्पर्धा कुठल्या?

आयपीएससी या प्रॅक्टिकल शूटिंगच्या. धावत, वळत, वेळेविरुद्ध मारायचं. तिथे ओपन आणि प्रॉडक्शन ऑप्टिक्स असे डॉटसाठीचे वेगळे गट आहेत. १९९० साली अ‍ॅडलेडला अमेरिकेच्या डग कोएनिग यांनी डॉट लावलेल्या पिस्तुलाने जागतिक स्पर्धा जिंकली. असं करणारे ते पहिलेच. त्याआधी डॉट म्हणजे खेळणं समजणारे बरेच होते, त्यानंतर ओपन गटात डॉट नसलेलं पिस्तूल शोधावं लागलं. वेगात डॉट भारी पडतो हे खरंच आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

डॉट लावल्यावर माझा नेम सुधारेल का?

पहिल्या दिवशी बिघडल्यासारखा वाटेल. हे मी पैज लावून सांगतो.

माशी-खाचेत हात हलतोय हे डोळ्याला फारसं जाणवत नाही. डॉट मात्र प्रत्येक नाडीचा ठोका दाखवतो. समोर काळ्या गोलावर लाल ठिपका फुगडी घालत असतो. हात आधी इतकाच हलत होता, आता दिसायला लागला एवढंच. मग माणूस काय करतो? ठिपका मधोमध यायची वाट बघतो, आला रे आला की झटक्याने ट्रिगर दाबतो. झटक्याने नळी खाली जाते आणि पेलेट सात वाजण्याच्या दिशेला. पुन्हा तेच, पुन्हा सात वाजता. मग डॉटचे स्क्रू फिरवायला बसतो. आमच्याकडे एका गृहस्थांनी एका सकाळी स्क्रू इतके फिरवले की दुपारी पेलेट कागदावर लागेना.

ठिपका हलू द्या. तो काळ्या गोलात फिरतोय ना, मग पुरे. तो फिरत असतानाच ट्रिगर हळूहळू, सरळ मागे, थांबा न घेता. बार कधी उडाला ते कळलं नाही तर चांगलं झालं. हेच मी माशीवाल्यांनाही सांगतो, शब्दसुद्धा तेच. डॉट डोळ्याची अडचण सोडवतो, बोटाची सोडवत नाही. उलट बोटाची अडचण मोठी करून दाखवतो, आणि शिकवणाऱ्याला याचा फार उपयोग होतो. माशीवर खेळणाऱ्या मुलांनाही मी कधीकधी पंधरा मिनिटं डॉटचं पिस्तूल देतो, गोळ्यांशिवाय, नुसतं भिंतीकडे धरायला. ट्रिगर सुटताना ठिपका कुठे उडी मारतो ते त्यांचं त्यांनाच दिसतं. माझं बोलणं वाचतं.

पिस्तूल उचललं की डॉट सापडतच नाही. काच रिकामी!

सगळ्यांचं हेच होतं. माशी थोडी वाकडी आली तरी दिसते तरी. डॉट काचेबाहेर गेला की गायबच. साधारणपणे नळी वर गेलेली असते, म्हणजे ठिपका काचेच्या वरच्या कडेबाहेर असतो. मान हलवून शोधू नका. नळी किंचित खाली करा, तो वरून उतरून येईल. पिस्तुलावर लोखंडी साइटही असेल तर आधी माशी शोधा, डॉट तिच्या जवळपासच असतो.

सराव घरी होतो. आधी पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघा, बोटाने चाचपून बघा. गोळ्या किंवा पेलेट त्या खोलीत नकोत, दुसऱ्या खोलीत. भिंतीवर एक खूण करा आणि भिंतीमागे कोणी झोपत नाही याची खात्री करा. डोळे खुणेवर, पिस्तूल डोळ्यांपाशी आणा, डोकं पिस्तुलापाशी नेऊ नका. रोज वीस वेळा, दोन आठवडे. मग तो आपोआप सापडतो.

डॉट काचेच्या कडेला असला तरी गोळी डॉटवरच लागते, खरं का?

जाहिरातीत असंच लिहितात. कामापुरतं खरं, पण पूर्ण नाही. डोळा काचेच्या मध्यापासून जितका बाजूला, साधारण तितकाच गोळीचा फरक पडतो. काच लहान असते, म्हणजे हा फरक जास्तीत जास्त आठ-दहा मिलिमीटर. माणसाएवढ्या टार्गेटला त्याचं काही नाही. पण दहा मीटर एअर पिस्तुलाच्या कागदावर आठ मिलिमीटर म्हणजे बरोबर एक रिंग. तिथे ठिपका काचेच्या मध्यावरच ठेवा.

तीन एमओए की सहा एमओए?

एमओए हे कोनाचं माप. एक एमओए म्हणजे पंचवीस मीटरवर सुमारे ७.३ मिलिमीटर, दहा मीटरवर २.९. म्हणजे तीनचा ठिपका पंचवीस मीटरवर २२ मिलिमीटर जागा झाकतो, सहाचा ४४. मोठा ठिपका पटकन सापडतो, लहान ठिपका बारीक नेमाला बरा. चाळशीवाल्यांनी सहाचा घ्यावा असं माझं मत आहे, आणि उजेड कमी ठेवावा.

गोव्याच्या पावसात हे टिकतं का?

वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, वर समुद्राचा खारा वारा. इथे लोखंडही टिकत नाही, तर काच आणि वायरी काय टिकणार, अशी शंका रास्त आहे.

चष्मा लावणाऱ्या प्रत्येक गोवेकराला हा अनुभव आहे: एसी गाडीतून खाली उतरलात की काचा पांढऱ्याफटक. डॉटचंही तसंच. थंड खोलीतून बाहेर आणलं की दमट हवा काचेवर बसते, आणि पाच मिनिटं ठिपकाही नाही, टार्गेटही नाही. उपाय साधा. पिस्तूल पेटीसकट रेंजवर आणा आणि पेटी बाहेरच्या हवेइतकी गरम झाल्यावरच उघडा. पेटीत सिलिका जेलची पुडी टाका आणि ती दर पावसाळ्यात बदला. जुनी पुडी ओलावा धरून बसलेली असते, तिचा उपयोग शून्य.

पावसात दुसरी अडचण येते. बऱ्याच डॉटमध्ये एलईडी उघडा असतो, काचेच्या मागे खालच्या बाजूला. त्याच्यावर एक थेंब बसला की ठिपका फुटतो, चार होतात किंवा नाहीसाच होतो. बंद डबीसारखे डॉटही मिळतात, ज्यांत एलईडी दोन काचांच्या आत असतो. ते महाग आणि जड, पण आपल्या हवेला तेच बरे. बाहेरच्या काचेवर पाणी बसतंच, पण ते पुसता येतं. काच पुसायला चष्म्याचं कापड घ्या. सदऱ्याच्या टोकाने पुसलीत तर खारी धूळ काचेवर ओरखडे काढते.

मी स्वतः पहिला डॉट स्वस्तातला घेतला होता. विकणाऱ्याने "वॉटरप्रूफ" म्हणून दिला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काचेच्या आतल्या बाजूला बाष्प धरलं, ते चवथीपर्यंत गेलं नाही. विकणाऱ्याचं म्हणणं, पाण्यात बुडवला असणार. मी तो कपाटाबाहेरही काढला नव्हता.

लोखंडी साइटला पाऊस म्हणजे फक्त गंज. हलक्या तेलाचा हात फिरवला की झालं. मात्र माशीवर तेल ठेवू नका, ती चमकते आणि चमकणारी माशी उजेडाच्या बाजूला सरकल्यासारखी दिसते. मे महिन्यात मिरामारला गाडी उन्हात लावून पिस्तूल आत ठेवण्याबद्दल मी बोलतच नाही. ते कुठल्याही साइटसाठी चूक आहे आणि परवान्यासाठीही.

बॅटरी किती दिवस जाते?

मॉडेलवर आणि उजेडाच्या पातळीवर अवलंबून. चांगल्या कंपन्या मधल्या पातळीवर काही वर्षं सांगतात. एमपॉइंटच्या आक्रो पी-२ वर पन्नास हजार तासांचा दावा आहे, म्हणजे साडेपाच वर्षांहून जास्त. दावा काहीही असो, वर्षातून एकदा बदला. मी चवथीच्या साफसफाईत बदलतो, घरातल्या घड्याळांबरोबर. तारीख लक्षात ठेवावी लागत नाही.

बहुतेकांत सीआर२०३२ चालते, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते. काही डॉटमध्ये बॅटरी तळाला असते, म्हणजे ती बदलायला डॉट पिस्तुलावरून काढावा लागतो आणि झिरो, म्हणजे गोळी ठिपक्यावरच लागते ना हे, पुन्हा तपासावा लागतो. बाजूला झाकण असलेला मिळाला तर तोच घ्या. आणि जुन्या बॅटऱ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. थांबून बघायचं नाही, सरळ हॉस्पिटलात जायचं.

माझ्या परवान्याच्या पिस्तुलावर डॉट बसेल का?

फोंड्याच्या बागायतदारांचा हा प्रश्न. उत्तर बहुधा नाही. आपल्याकडे सर्वसाधारण परवान्यावर मिळतं ते पॉइंट ३२ बोअरचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर. व्हिडिओत दिसतात ती ९ मिलिमीटरची पिस्तुलं आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये येतात. परदेशात आता बरीच पिस्तुलं स्लाइडवर डॉटसाठी खाच पाडूनच येतात. आपल्या पॉइंट ३२ च्या छोट्या पिस्तुलांना ती नसते, आणि कानपूरला २०१४ पासून बनणाऱ्या निर्भीकसारख्या हलक्या रिव्हॉल्व्हरवर तर डॉट बसवायला जागाच नाही.

मग पुढचा प्रश्न ठरलेला: "सर, वेर्ण्याला ओळखीचा एक लेथवाला आहे, तो स्लाइडवर खाच पाडून देईल." अजिबात नको. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात बदल करायला परवाना लागतो, आणि लेथवाल्याकडे तो नसतो. तुम्ही तर अडकालच, त्या बिचाऱ्यालाही अडकवाल. शिवाय चुकीच्या जागी खरवडलेली स्लाइड फुटली तर ती तुमच्याच तोंडावर येईल. काही करायचंच असेल तर परवानाधारक गनस्मिथकडे जा, आणि आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र विभागात लेखी विचारा. परदेशातून येणाऱ्या भाच्याला "बॅगेत टाकून आण" सांगण्याआधी कस्टम्सलाही विचारा, नाहीतर मोपाला विमान उतरल्यावर त्या पोराची रात्र तिथेच जायची.

निवडणूक लागली आणि शस्त्र जमा करायचा आदेश आला, तर डॉटची बॅटरी काढून द्या. पिस्तूल कधी परत मिळेल याचा नेम नसतो.

मग हौस कशावर भागवायची?

एअर पिस्तुलावर. ४.५ मिलिमीटर म्हणजे पॉइंट १७७ बोअर आणि २० ज्यूलपर्यंतची शक्ती असेल तर २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. स्पर्धेचं एअर पिस्तूल जेमतेम सहा ज्यूलचं असतं. बऱ्याच हौशी एअर पिस्तुलांवर वरून पट्टी किंवा ११ मिलिमीटरची खोबण असते, तिथे डॉट दहा मिनिटांत बसतो. पण परवाना नाही म्हणजे खेळणं नाही. मागे पेलेट थांबेल अशी जाड आड हवी, डोळ्यांवर चष्मा हवा, आणि कावळ्या-माकडांवर नेम धरायचा नाही.

झिरो कसा करायचा?

दहा मीटरवर, पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून. पाच पेलेट मारा, मगच स्क्रूला हात लावा. एका पेलेटवरून काही ठरत नाही. एक क्लिक बहुधा एक एमओए, म्हणजे दहा मीटरवर तीन मिलिमीटरच्या आसपास. पाच पेलेटचा गठ्ठा तीन सेंटिमीटर खाली असेल तर दहा क्लिक वर.

डॉट नळीच्या वर बसतो हे विसरू नका. तो २५ मिलिमीटर उंच असेल आणि झिरो दहा मीटरवर केला असेल, तर दोन मीटरवर पेलेट ठिपक्याच्या दीड-दोन सेंटिमीटर खाली लागणार. डॉट बिघडला नाही, भूमिती आहे. स्क्रूला निळं थ्रेडलॉकर लावा आणि वरून नेलपॉलिशची एक रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू हलला. घरातल्यांना विचारून घ्या, आमच्याकडे त्या रंगावरून भांडण झालं होतं.

रात्री घरात चोर शिरला तर डॉट बरा ना?

डॉट पेटलेला दिसतो, समोर कोण आहे ते दिसत नाही. पाणी प्यायला उठलेला मुलगाही असू शकतो. आधी टॉर्च, आधी फोन, आधी दाराला चांगली कडी. या प्रश्नावर मी याहून जास्त बोलत नाही.

तुमच्या स्वतःच्या पिस्तुलावर काय आहे?

स्पर्धेच्या पिस्तुलावर माशी आणि खाच, चष्म्यावर आयरिस. घरच्या जुन्या एअर पिस्तुलावर सहा एमओएचा डॉट, त्यावर संध्याकाळी मागच्या पडवीत नारळाच्या करवंट्या पाडतो. सध्या तो लागत नाही, बॅटरी संपली आहे. चवथ अजून तीन आठवड्यांवर आहे.